गुणवंतरावांच्या कानातली बाई

झाडीपट्टीच्या नाटकात भूमिका पाठ करण्याची फारशी रीत नाही. पुण्यामुंबईकडच्या माणसाला हे सांगितलं की तो नाक मुरडतो. पण दिवाळी आटोपली, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की वडशाच्या कंपन्यांची नाटकं गावोगाव लागतात, आज एका गावात तर उद्या भलत्याच टोकाला. एखादा हिरो नागपूरहून संध्याकाळच्या बसने उतरतो तो थेट तोंडाला रंग लावायलाच बसतो. त्याने पाठांतर करावं तरी कधी? म्हणून मंचासमोर मधोमध एक खड्डा असतो आणि त्या खड्ड्यात प्रॉम्प्टर बसतो. तो दबक्या आवाजात वाक्य देतो, नट ते उचलतो आणि मोठ्याने म्हणतो. पहिल्या रांगेतल्या लोकांना दोन्ही ऐकू येतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

गुणवंतराव अशा खड्ड्यात बसून म्हातारे झाले होते. पळसफूल नाट्य मंडळाच्या जाहिरातीत त्यांचं नाव कधी छापून आलं नाही, पण मंडळात त्यांचा दरारा मालकापेक्षा जास्त होता. खड्ड्यातून नटांची तोंडं कमी आणि पाय जास्त दिसतात. कोणाचं कुठे अडलं हे गुणवंतरावांना पायांवरून कळायचं. खलनायक करणारा श्रावण अडला की उजव्या पायाचा अंगठा फळीत रुतवायचा. त्याला एक शब्द फेकला की पुढचं तो सांभाळून न्यायचा. कमलाबाईचं मात्र निराळं होतं. ती मंडळातली सर्वांत जुनी नटी. सासू, पाटलीण, विधवा आई, सगळं केलेली. पण ती आपणहून एक अक्षर बोलत नसे. तिला प्रत्येक वाक्य पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत द्यावं लागे. गुणवंतरावांचं तिच्याबद्दलचं मत पक्कं झालेलं होतं आणि ते तिला तोंडावर ऐकवायलाही ते कमी करत नसत.

"बाई, तुमी बहुत आळशी. घरी बसून एकदा वही चाळली तं काय हात झिजतीन का?"

कमलाबाई हसून सुपारी कातरायची. "तुमी हाय न भाऊ. मंग मी काऊन डोकं शिणवू?"

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना गुणवंतरावांची अक्षरं गेली. डोळे गेले असं म्हणता येत नव्हतं. माणसं दिसत, झाडं दिसत, पायसुद्धा दिसत. पण जिथे नजर रोखावी नेमका तिथेच एक मळकट डाग यायचा आणि डागाच्या कडेने उरलेलं जग दिसायचं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतला पडदा झिजला आहे, यावर ऑपरेशन नाही, फिरताना जपा. गुणवंतराव घरी आले आणि बायकोला, रुखमाबाईला, म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढला." गेल्या वर्षीचा हंगाम त्यांनी असाच काढला. नाटकं जुनी होती, त्यांना तोंडपाठ होती, आणि वहीची पानं ते अंदाजाने उलटत होते.

यंदा मात्र मंडळाने नवं नाटक घेतलं. 'वाघीण निघाली सासरी'. मंडळाचा मालक मिथुन, वयाने त्यांच्या मुलासारखा, दसऱ्याच्या आधी घरी येऊन लेखकाच्या हातची वही देऊन गेला. गुणवंतरावांनी वही उघडली. पानभर काळ्या मुंग्या फिरल्यासारखं दिसलं. त्यांनी वही मिटली. नवं नाटक वाचता आलं नाही तर मंडळात त्यांना जागा नव्हती. आणि खड्डा सोडून दुसरीकडे कुठे बसायचं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शेती भाऊ बघत होता, घर रुखमाबाई बघत होती. दोघांपैकी कोणालाही गुणवंतरावांची गरज नव्हती.

त्यांच्या गावात, देऊळझरीत, एक सार्वजनिक वाचनालय होतं. दरवाज्यावर कापडी फलक होता: 'सर्वांसाठी वाचनालय'. या सर्वांमध्ये प्रत्यक्षात येत ती वनरक्षक भरतीची तयारी करणारी पोरं आणि पेपर वाचायला येणारे निवृत्त गुरुजी. फलक लावायला कारण झालं होतं ते एक यंत्र. दिव्यासारखा वाकडा दांडा, त्याखाली पुस्तक ठेवायचं, की यंत्र ते मोठ्याने वाचून दाखवी. ज्यांना दिसत नाही, ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी ते आलं होतं. उद्घाटनाला फीत कापली, फोटो निघाले, आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्ष सोमाजींनी त्यावर घरून विणून आणलेलं क्रोशाचं झाकण घातलं. धूळ बसेल म्हणून. ते झाकण काढायचं कोणी, यावर नंतर कधी ठराव झाला नाही. सोमाजी म्हणत, "आपल्या गावात आंधळं हाय कोण? उगाच वापरून खराब कराचं."

ग्रंथपाल नीलिमा घुग्घुसची. कोळशाच्या खाणीच्या वसाहतीत वाढलेली. इथे आल्यावर ट्रकचा आवाज नाही म्हणून तिला आठवडाभर झोप लागली नव्हती, असं ती सांगे. तिला त्या झाकणाचा मनापासून राग होता, पण झाकण काढून दाखवायला समोर माणूस लागतो.

तो माणूस एका दुपारी आला. भरतीची पोरं जेवायला गेलेली, गुरुजी घरी कलंडलेले. गुणवंतरावांनी काखेतली वही टेबलावर ठेवली आणि घसा साफ केला.

"मॅडम, या लेखकाचं अक्षर बहुत खराब हाय. मले लागत नाई. तुमच्या मशीनीले लागते का, पाहा."

नीलिमाने वही उघडली. अक्षर मोत्यांसारखं होतं. शाळेत फळ्यावर लिहून घ्यावं असं. तिने वहीकडे पाहिलं, मग गुणवंतरावांकडे पाहिलं. ते तिच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होते.

"हो ना," ती म्हणाली. "फारच खराब आहे."

तिने झाकण काढलं, घडी करून खिडकीत ठेवलं आणि वही यंत्राखाली धरली. यंत्राने थोडा विचार केला आणि जे काही बरळायला सुरुवात केली ते मराठी नव्हतं, गोंडी नव्हतं आणि सिरोंच्याकडचं तेलुगूही नव्हतं. छापील अक्षर ते वाची. हाताने लिहिलेलं त्याला वाचता येत नव्हतं. गुणवंतरावांचा चेहरा उतरला. ते वही उचलून निघणार, तोच नीलिमा म्हणाली, "भाऊ, वही इथेच राहू द्या. मी कॉम्प्युटरवर टाईप करते. टाईप झालं की मशीन वाचेल."

"सगळं?"

"सगळंच. अर्धं नाटक ऐकून काय करणार तुम्ही?"

नीलिमाने दुपारच्या निवांत वेळात नाटक टाईप करायला घेतलं. सोमाजींना ते दिसलं आणि त्यांनी विचारलं, हे वाचनालयाचं काम आहे का? नीलिमा म्हणाली, वाचकाला वाचता येईल असं करून देणं हे वाचनालयाचं काम नसेल, तर मग कोणतं आहे ते सांगा. सोमाजी पेपर घेऊन बसले, आणि झाकण कुठे गेलं हेही त्यांनी विचारलं नाही.

टाईप झाल्यावर तिने नाटकाचं प्रत्येक वाक्य सुटं केलं आणि ते सगळं गुणवंतरावांच्या फोनमध्ये घातलं. कानात इअरफोनची एक बोंडूक, तिच्या वायरवर एक बटण. बटण दाबलं की एक वाक्य ऐकू येई आणि आवाज थांबे. पुन्हा दाबलं की पुढचं. गुणवंतरावांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांची भुवई वर गेली.

"ही बाई कोण?"

"बाई नाही भाऊ, मशीनचाच आवाज आहे."

"जेवली नसन. आवाजात जीव नाई तिच्या."

पण थोड्याच दिवसांत त्यांचं तिच्याशी जमलं. शेतावर बसून ते एका बाजूने ऐकत आणि दुसऱ्या बाजूने दबक्या आवाजात वाक्य सोडत, समोर कोणी नसताना. रुखमाबाईला वाटलं, नवरा म्हातारपणी फोनवर गाणी ऐकायला लागला. बाईचा आवाज निर्जीव होता हे उलट सोयीचंच निघालं. रंग भरायचं काम नटांचं. गुणवंतराव स्वतःसुद्धा आयुष्यभर असंच कोरडं वाचत आले होते. एकदा तर ते नीलिमाला म्हणाले की बाई हुशार हाय, माझ्यापेक्षा कमी चुकते. त्या दिवसांत ते खुशीत होते आणि ती खुशी त्यांना लपवताही येत नव्हती.

तालीम वडशाला, एका बंद पडलेल्या राईस मिलच्या गोदामात सुरू झाली. थंडीचं निमित्त करून गुणवंतराव डोक्याला दुपट्टा गुंडाळून आले. दुपट्ट्याखाली बोंडूक, सदऱ्याखाली वायर, मुठीत बटण, आणि मांडीवर उघडी वही. पहिला अंक झकास गेला. दुसऱ्या अंकात भांडणाचा प्रवेश आला आणि वेग वाढला. पाटील झालेला श्रावण सुनेच्या अंगावर धावून जातो असा तो प्रवेश. गुणवंतरावांनी बटण दाबलं, कानात आलं ते तसंच्या तसं तोंडातून सोडलं, आणि श्रावणने, जन्मभर जे आलं ते उचलण्याची सवय असलेल्या श्रावणने, छाती फुगवून गोदाम दणाणून सोडलं:

"कंसात रागाने कंस पूर्ण! सूनबाई, या घरात माझा शब्द चालतो!"

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. श्रावणलाही नाही. मग सून झालेली पोरगी खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली, आणि मग सगळं गोदामच हसायला लागलं.

झालं होतं ते साधं होतं. वहीत 'रागाने' हा शब्द कंसात लिहिलेला होता, म्हणजे नटाने ते वाक्य रागाने म्हणायचं. डोळ्यांनी वाचणाऱ्याला कंस आधीच दिसतो आणि तो त्याला गिळून टाकतो. कानाने वाचणाऱ्याला तो ऐकल्यावरच कळतो. शेतात निवांत बसून गुणवंतराव असे कंस वगळत आले होते. घाईत एक निसटला, आणि एवढा एक पुरेसा झाला.

मिथुन हसत हसतच गुणवंतरावांपाशी आला. "भाऊ, हे काय वाचून राह्यले तुमी? दाखवा बरं, कुठी लिवलं हाय?" त्याने वही हातात घेतली. वहीचं पान पहिल्या अंकाचं होतं. मिथुनचं हसू थांबलं. त्याने एक पान समोर धरलं. "हे वाचा."

"चष्मा घरी राह्यला."

"चष्मा तुमच्या नाकावर हाय, भाऊ."

नंतर मिथुनने दुपट्ट्याखालून लोंबणारी वायर पाहिली. गुणवंतरावांना सगळ्यांचे पाय दिसत होते आणि सगळ्यांचे पाय त्यांच्याकडे वळलेले होते. आपल्याला दिसत नाही, असं ते त्या दिवशीही बोलले नाहीत. त्यांनी बोंडूक काढून मिथुनच्या हातात ठेवली आणि दुपट्टा सारखा केला.

मिथुन माणूस वाईट नव्हता. पण नाटक कंपनी चालवणाऱ्याचं डोकं एका जागी थांबत नाही. त्याने बोंडूक स्वतःच्या कानात घालून चार वाक्यं ऐकली आणि त्याचे डोळे चमकले. प्रत्येक नटाच्या कानात ही बाई घातली तर? विग आहे, पदर आहे, फेटा आहे, वायर कोणाला दिसते? मग खड्डाच नको. दुसऱ्या दिवशी तो मोटरसायकल घेऊन देऊळझरीच्या वाचनालयात हजर झाला आणि म्हणाला, मॅडम, ते नाटक आमच्या सगळ्या मंडळींच्या फोनमध्ये टाकून द्या. नीलिमाने दिलं. कंस मात्र तिने आधी सगळे काढून टाकले.

गुणवंतरावांना हे कळलं तेव्हा ते वाचनालयात आले आणि या वेळी भरतीची पोरं जेवायला जायची वाट त्यांनी पाहिली नाही.

"मॅडम, तुमीच माझा खड्डा बुजवला."

'शांतता राखा' असं लिहिलेल्या पाटीखाली ते उभे होते. पोरांनी माना वर केल्या. नीलिमाला वाईट वाटलं, आणि तिने ते लपवलं नाही. "भाऊ, मला माहीत होतं तुम्हाला लागणार. रात्री मला जेवण गेलं नाही."

"मंग देल्लं काऊन?"

"मागितलं म्हणून. वाचनालय आहे हे. तुम्ही वही घेऊन आलात तेव्हा मी विचारलं का, कशाला पाहिजे? तुमचे कागद आणा, डोळ्याचा दाखला आणा, असं म्हटलं का? तुम्हाला न विचारता दिलं. मग त्याला कसं विचारू?"

गुणवंतरावांना तिचं बोलणं पटलं होतं, आणि म्हणूनच त्यांना त्याचा जास्त राग आला होता. ते घरी गेले आणि फोन धान्याच्या कोठीवर टाकून दिला. रुखमाबाईने विचारलं, गाणी संपली का? ते हो म्हणाले.

रंगीत तालमीच्या दिवशी त्यांनी जायचं नाही असं ठरवलं होतं. सकाळी जेवले, आंघोळीआधीच. मग आंघोळ केली. मग फोन कोठीवरून काढून खिशात टाकला, कारण फोनशिवाय कोणी घराबाहेर जात नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि वडशाची बस धरली. मिलच्या आवारात मंच बांधला होता. समोर खड्डाही होता. मंच बांधणाऱ्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की यंदा खड्डा नको. आसपासची माणसं, बायका, लेकरं दुपारचं ऊन खात सतरंजीवर बसली होती. मिथुनने नीलिमाला आग्रहाने बोलावून खुर्ची दिली होती. गुणवंतराव कोणाशी न बोलता खड्ड्यात जाऊन बसले. तिथून त्यांना कोणी उठवलं नाही.

पडदा उघडला आणि सुरुवातीला मौज वाटली. नट कोणाकडे न बघता सुरेख बोलू लागले. मग श्रावणचं बटण चुकून दोनदा दाबलं गेलं. तो एक वाक्य पुढे गेला. सून एक वाक्य मागे राहिली. ती विचारी, "मामंजी, जेवायला वाढू का?" आणि मामंजी गरजे, "तो तर कालच मेला!" हिरोला वाटलं आपण मागे पडलो, म्हणून त्याने भराभर बटण दाबलं आणि तो थेट पोराच्या बारशात जाऊन पोचला. प्रत्येकाच्या कानात तीच बाई होती, पण प्रत्येकाला ती वेगळं सांगत होती. लोक खो खो हसत होते. नाटक विनोदी नव्हतं.

मिथुन विंगेतून हातवारे करत होता. "थांबा! सगळे दुसऱ्या प्रवेशावर या! फोन काढा आन् दुसऱ्या प्रवेशावर या!"

सगळ्यांनी फोन काढले आणि बोटं फिरवून दुसरा प्रवेश शोधला. कमलाबाई मात्र मंचाच्या मधोमध नऊवारीच्या ओच्यातून काढलेला फोन हातात घेऊन उभी राहिली. तिच्या फोनवर काहीतरी आलं होतं. चार ओळी आणि खाली दोन चौकोन. त्यातला एक दाबल्याशिवाय कानातली बाई बोलणार नव्हती.

"बाई, काय झालं?" मिथुन ओरडला.

"बंद पडलं."

"बंद नाई पडलं, काहीतरी विचारून राह्यलं असन ते. काय लिवलं हाय? वाचा न!"

कमलाबाईने फोनकडे पाहिलं. गुणवंतरावांना तिचा चेहरा दिसत नव्हता. त्यावर डाग होता. पाय दिसत होते. इतक्या वर्षांत कधीही न अडलेल्या त्या पायांची बोटं आतल्या बाजूला वळलेली होती, लहान पोरगी मार खायच्या आधी वळवते तशी.

"बाई, वाचा न! लोक बसून हाय!"

"मले वाचता येत नाई," कमलाबाई म्हणाली.

मिथुनला वाटलं अक्षर बारीक आहे. "मोठं करून वाचा."

"अरे बापा, वाचताच येत नाई मले. एकही अक्षर. कधीच नाई आलं." तिचा आवाज सवयीने शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "शाळेत गेलीच नाई मी. आता तरी ओरडू नको."

सतरंजीवरचं हसणं थांबलं. श्रावण फेट्यातली वायर उगाच बोटाला गुंडाळत राहिला. मिथुन विंगेतून बाहेर येऊन तसाच उभा राहिला आणि त्याला कुठे बघावं ते कळेना. कमलाबाईने फोन मंचावर खाली ठेवला, पदर सारखा केला, आणि दोन पावलं पुढे येऊन खड्ड्याच्या कडेला थांबली.

"भाऊ," ती खाली न बघता म्हणाली, "द्या."

गुणवंतरावांनी खिशातून फोन काढला. या वेळी त्यांनी दुपट्टा घेतला नाही. सगळ्या मिलच्या आवारादेखत त्यांनी वायर सोडवली, बोंडूक बसवली आणि बटण दाबत दुसऱ्या प्रवेशापर्यंत आले. कानातल्या बाईने वाक्य सांगितलं. त्यांनी ते दिलं. कमलाबाईने ते उचललं. मग सुनेला दिलं, मग श्रावणला एक शब्द फेकला. कान एकाचा, तोंड एकाचं, म्हणून सगळे पुन्हा एका ठिकाणी आले. पाय अडले की ते थांबत, पाय सुटले की बटण दाबत. मिथुनने कोणाला काही सांगितलं नाही, पण अंक संपेपर्यंत विंगेत एक टोपलं आलं होतं आणि त्यात सगळ्यांचे फोन पडलेले होते.

अंकाचा पडदा पडला. चहा आला. मिथुन खड्ड्यापाशी येऊन बसला आणि चहाचा कप फिरवत म्हणाला, "भाऊ, यंदा खड्डा जरा रुंद खणू. फोन चार्जिंगले लावाले जागा पायजे." गुणवंतरावांनी मान हलवली. त्यांना रडू येत होतं आणि मालकासमोर ते त्यांना नको होतं, म्हणून ते चहात फुंकर घालत बसले. नीलिमा खुर्चीवरून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तिच्या दिशेने हात जोडले, थोडे डावीकडे.

कमलाबाई मंचामागे एकटी बसली होती. बाकीच्या बायका तिच्यापासून जरा लांब, उगाच साड्यांच्या घड्या करत होत्या. गुणवंतराव चाचपडत तिथवर गेले. तिच्या शेजारच्या पेटीवर बसले. आळशी, आळशी म्हणून त्यांनी या बाईला किती वर्षं हिणवलं होतं, किती लोकांसमोर, आणि ती प्रत्येक वेळी हसली होती. ते आठवून त्यांना शरमेने खाली बघावंसं वाटलं, आणि खाली बघूनही काही दिसलं नसतं.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "येवढ्या वर्सांत मले सांगतलं काऊन नाई?"

कमलाबाईने सुपारीचं खांड तोंडात टाकलं. चावत चावत तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमी सांगतलं का, भाऊ?"

तिकडे मिथुनने पुढच्या अंकाची घंटी दिली. गुणवंतराव उठले. "नाई सांगतलं," ते म्हणाले, आणि मग, मागे वळून, साऱ्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने: "दिसत नाई मले, बाई. दोन वर्सं झाली."

"माहीत हाय," कमलाबाई म्हणाली. "अक्षराची रेघ वर असते, येवढं मलेही समजते. मागच्या साली तुमची वही उलटी होती."